शेडपासून फाटकापर्यंत

भाऊजी: नळी घट्ट धर, छोट्या! हवा इकडून सुटतेय.

छोट्या: धरलीय हो भाऊजी. दोन्ही हातांनी धरलीय. तिसरा हात असता तर नाकही धरलं असतं. रॉकेलचा काय वास सुटलाय!

भाऊजी: वास म्हणू नकोस त्याला. ताकद आहे ती. साधं इंजिन तर काय, गल्लीतला कोणीही मोटारसायकलला बसवेल. ही टर्बाइन आहे! ट्रकचा टर्बो हवा ओढतो, या नळकांड्यात रॉकेल पेटतं, गरम झोत दुसऱ्या पंख्यावर आदळतो आणि तो पंखा—

छोट्या: —मी कापलेली दातेरी चाकं फिरवतो. ती चाकं चेन फिरवतात, चेन गाडीचं मागचं चाक फिरवते. पाठ झालंय मला. वर्षभर रोज ऐकतोय. आता पेटवा, नाहीतर हवा फुंकून फुंकून ताईचा व्हॅक्यूम क्लीनर जळेल.

भाऊजी: हळू बोल की. तिला वाटतंय तो दुरुस्तीला दिलाय.

छोट्या: दोन महिने?

भाऊजी: दुकानदार आज देतो, उद्या देतो करतोय, असं सांगितलंय मी.

छोट्या: आणि तिचा विश्वास बसला? माझ्या बहिणीचा?

भाऊजी: बसला की नाही ते माहीत नाही, पण ती काही बोलली नाही. नवऱ्याला तेवढं पुरतं. हं, गाडी स्टँडवर नीट आहे ना? मागचं चाक अधांतरी आहे ना?

छोट्या: आहे.

भाऊजी: मग लाव काडी.

छोट्या: लावली... नाही... हां, पेटलं! भाऊजी, पेटलं!

भाऊजी: क्लीनर काढ! बाजूला घे! आता ती आपली आपण हवा ओढेल. ऐक, आवाज ऐक तिचा!

छोट्या: काय?

भाऊजी: आवाज ऐक म्हणतोय!

छोट्या: आवाजामुळे ऐकू येत नाहीये!

भाऊजी: ब्रेक सोडतो! चाक बघ! फिरलं! अरे फिरलं रे फिरलं! उद्या तुझ्या बहिणीच्या नाकावर टिच्चून—

छोट्या: बंद करा!

भाऊजी: काय?

छोट्या: बंद करा हो! रॉकेल तोडा!

भाऊजी: तोडलं. झालं काय एवढं? कुठे पेटलं? कुठे गळलं? इतकी छान फिरत होती!

छोट्या: फिरत होती. पण कुठल्या बाजूला फिरत होती?

भाऊजी: कुठल्या म्हणजे? चाकाला कसली आलीय बाजू? चाक म्हणजे... थांब जरा.

छोट्या: मी थांबलोच आहे.

भाऊजी: मी इकडून उभा होतो. चाकाचा वरचा भाग जात होता... शेपटीकडे.

छोट्या: हो.

भाऊजी: जायला हवा हँडलकडे.

छोट्या: हो.

भाऊजी: म्हणजे आपली गाडी—

छोट्या: मागे जाणार.

भाऊजी: छोट्या! मी तुला किती स्पष्ट सांगितलं होतं! शेवटचा आस घड्याळाच्या काट्यासारखा फिरला पाहिजे, असं म्हणालो होतो की नाही?

छोट्या: म्हणाला होतात.

भाऊजी: आणि तू धंद्यानं कोण? घड्याळजी! अरे, घड्याळाचा काटा कुठे फिरतो हे एखाद्या खाटकाला ठाऊक नसेल तर मी समजू शकतो. न्हाव्याला नसेल तरी समजू शकतो!

छोट्या: तिथेच तर घोटाळा झाला. मी घड्याळ पुढून कधी बघतो? माझ्या टेबलावर घड्याळ येतं तेच पालथं. मागचं झाकण उघडलेलं. सगळं आयुष्य मी चाकं मागूनच बघत आलो. मागून बघितलं की काटा उलटा फिरतो.

भाऊजी: अरे पण वेळ तर पुढून बघतोस ना!

छोट्या: वेळ बघायला मोबाइल आहे.

भाऊजी: देवा! आणि ते मधलं छोटं चाक? ते कशाला घातलंस?

छोट्या: दिशा बरोबर यावी म्हणून. मुद्दाम जास्तीचं कापलं.

भाऊजी: म्हणजे ते घातलं नसतंस, तर—

छोट्या: तर गाडी सरळ गेली असती. एवढे कष्ट घेऊन चूक केलीय भाऊजी. थोडी तरी कदर करा.

भाऊजी: काढून टाक ते. आत्ताच्या आत्ता काढ.

छोट्या: काढलं तर बाकीच्या दोन चाकांचे दाते एकमेकांना पोचत नाहीत. मोठं चाक नव्यानं कापावं लागेल. तुम्हाला ते तापवून कडक करावं लागेल. आठवडा धरा.

भाऊजी: चेनऐवजी पट्टा असता तर पीळ देऊन आठाच्या आकड्यासारखा चढवला असता, दिशा उलटली असती. चेनला कुठून पीळ देऊ? आणि आठवडा कुठून आणू? उद्या रविवार!

छोट्या: उद्या बाराला टेम्पो येणार.

भाऊजी: आठवण करून देऊ नकोस.

छोट्या: मी नाही करून देत. ताईनं कॅलेंडरवर लाल पेननं गोल केलाय.

भाऊजी: या वयात टेबल टेनिस! कोणी ऐकलं तर हसेल. क्लबवाले जुनं टेबल टाकून देतायत म्हणे, आणि हिला ते माझ्या शेडात हवंय.

छोट्या: घरात दुसरी एवढी लांब जागा नाही ना. आणि हसू नका भाऊजी. लग्नाच्या आधी ताई शाळाशाळांच्या स्पर्धेत पहिली यायची. मी तिच्याकडून रोज हरायचो. गुडघे चालतायत तोवर खेळून घेते म्हणाली, नंतर आहेच बसायचं.

भाऊजी: तिला नंतर बसायचंय, मग मी आत्ता कुठे बसू? गॅरेज सुटल्यावर या शेडाशिवाय मला आहे काय? इथे आलो की हात काळे होतात, डोकं चालतं. हे गेलं की घरातल्या फर्निचरमध्ये एका खुर्चीची भर, बाकी काही नाही.

छोट्या: मग पैज कशाला घेतलीत?

भाऊजी: जिंकणार म्हणून! तिची अट काय होती, सांग बघू. जशीच्या तशी. साक्षीदार तूच होतास.

छोट्या: ‘रविवारी बाराच्या आत ही गाडी स्वतःच्या ताकदीवर, कोणी न ढकलता, शेडपासून फाटकापर्यंत गेली तर शेड तुमचं. नाही गेली तर तिनं ताडपत्री पांघरून बाहेर राहायचं आणि शेडात माझं टेबल येणार.’

भाऊजी: परत सांग. ‘पुढे गेली तर’ म्हणाली का ती?

छोट्या: ‘पुढे’? नाही. नुसतं ‘गेली तर’.

भाऊजी: तोंड कुठे, शेपूट कुठे, असं काही?

छोट्या: नाही... भाऊजी, तुमच्या चेहऱ्यावर आलंय ना, ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

भाऊजी: गाडीचं तोंड भिंतीकडे फिरव.

छोट्या: आणि शेपूट फाटकाकडे?

भाऊजी: उलटी जाते ना? मग जाऊ दे की उलटी! अंगण ओलांडलं की फाटक. हेडलाइट काढून शेपटीला बांधू. मागचा लाल दिवा हँडलवर. लांबून बघणाऱ्याला कशाला कळतंय?

छोट्या: लांबून बघणारी माझी बहीण आहे. आमच्या घरात तिनं न बघितलेली एकच गोष्ट म्हणजे माझ्या लग्नाची पत्रिका, कारण ती छापलीच गेली नाही.

भाऊजी: स्क्रूड्रायव्हर दे.

छोट्या: देतो. पण उलटं जाताना मागे बघणार कोण? तुमची मान वळत नाही. कोणी हाक मारली तर तुम्ही कपाट सरकवल्यासारखे अख्खे फिरता.

भाऊजी: आरसे लावू.

छोट्या: गेल्या महिन्यात लावून बघितले होते ना? धुराड्याच्या गरम हवेनं आरशात सगळं डोलतं. झाड कुठलं, भिंत कुठली, पत्ता लागत नाही.

भाऊजी: मग तू सांगायचं. डावं की उजवं.

छोट्या: त्या किंकाळीत ऐकू येणार आहे का तुम्हाला?

भाऊजी: हातानं खूण कर. माझ्या समोर, शेडात उभा राहा आणि हात दाखव. एवढं जमेल ना? का हातही पालथे बघतोस?

*

ताई: तोंड भिंतीकडे करून का उभं केलंय तिला? काय शिक्षा झाली?

भाऊजी: आलीस? ये, ये. अगं, ती तोंडानं हवा ओढते ना. भिंतीकडची हवा जरा गार असते.

ताई: असं होय. आणि दिवा शेपटीला?

छोट्या: मागून कोणी आलं तर दिसावं म्हणून, ताई.

ताई: तुला विचारलं नाही. आणि हा माझा क्लीनर दिसतोय. दुरुस्त होऊन आला वाटतं?

भाऊजी: आजच आला. सकाळीच.

ताई: बरं झालं. रॉकेलचा वास दुकानातच लागला असणार.

भाऊजी: हल्लीची दुकानं म्हणजे...

ताई: उलटी जाते, हो ना?

भाऊजी: कोण?

ताई: तुमची टर्बाइन. मला काय दुधखुळी समजलात? काल तुम्ही दोघं चहाला आलात ते एकमेकांकडे न बघता. गुन्हा करून आलेली पोरं अशीच चहा पितात. कोणाची चूक?

छोट्या: माझी. पण धंद्यातली चूक आहे, ताई. प्रामाणिक चूक आहे.

भाऊजी: हे बघ, तुझ्या अटीत ‘पुढे’ हा शब्द नव्हता. साक्षीदार हजर आहे.

ताई: माझा भाऊ साक्षीदार. आणि तो तुमच्या बाजूचा!

छोट्या: मी दोन्ही बाजूंचा आहे. जेवण तुझ्याकडे, काम त्यांच्याकडे.

ताई: नव्हता तो शब्द. मान्य आहे मला. चेंडू टेबलाच्या कडेला लागला तरी आत पडला असंच धरतात. चला, न्या फाटकापर्यंत. बाराला अजून वेळ आहे. मी पायरीवर बसते.

भाऊजी: बघितलंस, छोट्या? याला म्हणतात खेळाडू. हं, क्लीनर लाव. काडी लाव. आणि समोर उभा राहा.

छोट्या: पेटली! काढला क्लीनर!

भाऊजी: ब्रेक सोडू का?

छोट्या: काय?

भाऊजी: सोडला!

छोट्या: हां... चाललीय! या, या, सरळ या... सरळ जा म्हणजे! थोडं डावीकडे! हा हात बघा, हा! डावीकडे! अहो, इकडे नाही, इकडे! भाऊजी, खांब! दोरीचा खांब! ब्रेक!

ताई: गेला. माझा कपडे वाळत घालायचा खांब गेला.

भाऊजी: तू उजवा हात का दाखवलास?

छोट्या: मी डावा दाखवला!

भाऊजी: कोणाचा डावा?

छोट्या: माझाच की! माझ्या खांद्याला दुसऱ्या कोणाचा हात असणार?

भाऊजी: अरे, तू माझ्याकडे तोंड करून उभा आहेस. तुझा डावा म्हणजे माझा उजवा! मला माझा डावा हवा होता!

छोट्या: मग मी उलटा हात दाखवू?

भाऊजी: हो!

ताई: झाली सुरुवात पुन्हा. गाडी पुन्हा शेडाच्या दारात लावा. अट शेडपासून आहे. आणि ती चादर उचला कोणीतरी. दोन्ही बाजूंनी रॉकेल लागायच्या आधी.

भाऊजी: छोट्या, या वेळी लक्षात ठेव. डावं दाखवायचं तर उजवा हात.

छोट्या: डाव्यासाठी उजवा, उजव्यासाठी डावा. कळलं. आणि थांबायचं तर?

भाऊजी: दोन्ही.

छोट्या: दोन्हींच्या उलट म्हणजे काहीच नाही ना?

भाऊजी: छोट्या!

छोट्या: गंमत केली. लावतो काडी... पेटली! सोडा! चाललीय... या... उजवीकडे, म्हणजे हा... हा हात... नाही, तुम्ही आता मी उलटा दाखवतोय असं समजून परत उलटं करू नका! अहो करू नका! कुंड्या! भाऊजी, कुंड्या!

ताई: तीन फुटल्या. एक कलंडली.

भाऊजी: बंद केली. छोट्या, मी तुला काही बोलत नाही.

छोट्या: बोला हो. न बोललात की जास्त लागतं.

भाऊजी: काय बोलू? किती वाजले?

छोट्या: साडेअकरा होऊन गेले.

भाऊजी: राहू दे.

छोट्या: राहू दे म्हणजे? आणखी एकदा बघू की. मी पायानं खूण करतो.

भाऊजी: राहू दे म्हटलं ना. हे काही होत नाही. मान वळत नाही, माणूस दिशा सांगू शकत नाही आणि गाडी पाठ दाखवून पळते. अगं, ऐक. टेम्पोवाल्याला फोन कर आणि सांग, सावकाश ये, पण ये. शेड तुझं. मी स्वतः झाडून देतो.

ताई: एवढ्यात हरलात?

भाऊजी: हरायचं काय शिल्लक राहिलंय? तुझे गुडघे तरी तुझं ऐकतात, तू खेळ. मी काय, बाहेर ताडपत्रीत शिरून खुडबुड करेन. पाऊस आला तर घरात येईन. खिडकीत बसायची सवय आहेच मला.

ताई: त्या खिडकीचं नाव काढू नका. गॅरेज सुटलं तेव्हा किती महिने बसला होतात तिथे! मी ऑफिसमधून यायचे तर सकाळी ठेवलेला कप तिथेच, भरलेला, आणि तुम्ही बाहेर बघताय. बाहेर काय होतं? समोरची भिंत. भीती वाटायची मला. कोणाला सांगितली नाही, पण वाटायची. मग एक दिवस शेडातून ही किंकाळी आली. शेजारच्या बाई धावत आल्या, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही, आमचे हे बरे झाले.

छोट्या: ताई, हे तू आधी कधी बोलली नाहीस.

ताई: तुमच्या यंत्रापुढे बोलायला वाव मिळतो का? उठा. हेल्मेट कुठे आहे दुसरं?

भाऊजी: दुसरं कशाला?

ताई: मागच्या सीटवर मी बसणार. तोंड शेपटीकडे करून. म्हणजे फाटक मला समोर दिसेल.

भाऊजी: वेडी आहेस का? तुझ्या बाजूला धुराडं आहे.

ताई: त्याचं तोंड वर आकाशाकडे आहे आणि माझं डोकं त्याच्यापासून हातभर लांब राहील. केस बांधलेत मी. जाळी लावलीय ना त्याला?

छोट्या: जाळी पक्की आहे. मीच विणलीय.

ताई: पुढून विणलीस की मागून?

छोट्या: ताई!

भाऊजी: अगं पण तू बोललेलं मला ऐकू येणार नाही. परत डावं-उजवं, परत खांब.

ताई: डावं-उजवं म्हणायचंच नाही. तुम्ही दोघं सकाळपासून एकमेकांसमोर उभे राहून कोणाचा डावा ते ठरवताय. आपण पाठीला पाठ लावून बसू. मी कोपर मारीन. ज्या बाजूला लागेल त्या बाजूला वळवायचं. दोन्ही कोपरं लागली की ब्रेक. नाव कशाला घ्यायचं बाजूचं?

छोट्या: भाऊजी, जमेल हो हे. यात पालथं घालायला जागाच नाही.

भाऊजी: पण मग ती फाटकापर्यंत गेली तर तू हरशील.

ताई: माहीत आहे.

भाऊजी: टेबल जाईल तुझं. दुसऱ्या कोणाला देतील ते.

ताई: ते पण माहीत आहे.

छोट्या: ताई, नीट विचार कर. पायरीवर बसून राहिलीस तरी तू जिंकतेस. बाराला दहा कमी आहेत. नुसतं बसायचंय!

ताई: तेच जमत नाही मला. समोरच्याची बॅट हातातून निसटली आणि आपल्याला पॉइंट मिळाला, तर तो मिळाल्यासारखा वाटत नाही. मला टेबल हवं होतं, अजून हवंय. रोज स्वप्नात सर्व्हिस करते मी. पण तुम्ही असे पडलेल्या खांद्यांनी शेड झाडणार आणि मी तिथे खेळणार? पहिलाच चेंडू जाळीत जाईल. बसा आता. वेळ जातोय.

भाऊजी: हळू बस. तो पत्रा तापलाय.

ताई: बसले. पाठ टेकवा नीट. आणि पोट आत घ्या.

भाऊजी: पोटाचा काय संबंध?

ताई: पाठीला जागा होते.

छोट्या: लावू काडी?

ताई: लाव. आणि तू मध्ये येऊ नकोस. हातही दाखवू नकोस. हात खिशात घाल.

छोट्या: घातले. काढावे लागतील, क्लीनर धरायचाय... हं, पेटली! सुटली! सरळ... सरळच चाललीय! खांबाच्या बाजूनं गेली! ताई, कुंड्या, कुंड्या! वळली! बरोबर वळली! अरे, कोणी बघतंय का? कोणीच कसं बघत नाहीये! ताई, फाटक आलं! दोन्ही कोपरं! दोन्ही मार!

(टर्बाइनची किंकाळी उतरत उतरत थांबते. फाटकाची कडी वाजते.)

भाऊजी: लागलं?

ताई: फाटकाला? टेकलं नुसतं. हात घालून कडी वाजवली मी, तुम्हाला कळावं म्हणून.

भाऊजी: पोचलो?

ताई: पोचलो.

भाऊजी: तुझी कोपरं म्हणजे काय कोपरं आहेत गं! बरगड्या मोजून झाल्या माझ्या.

ताई: इतकी वर्षं राखून ठेवली होती.

छोट्या: बाराला चार कमी! भाऊजी, जिंकलात! ताई, तू हरलीस! म्हणजे... वाईट वाटतंय मला. पण काय गेलात तुम्ही! दोघांची तोंडं दोन दिशांना, आणि गाडी एकीकडे!

ताई: आला बघ टेम्पो. कोपऱ्यावर वळतोय. जाते, त्याला परत पाठवते.

भाऊजी: थांब. छोट्या, नवं चाक कापायला किती दिवस म्हणालास?

छोट्या: आठवडा.

भाऊजी: महिना घे. दोन घेतलेस तरी माझी हरकत नाही.

छोट्या: पण कालपर्यंत तर तुम्ही माझ्या मानगुटीवर—

भाऊजी: महिना म्हटलं ना. घड्याळजी माणसाला घाई शोभते का?

ताई: हे बघा, मला उपकार नकोत. हरले ते हरले. शेड तुमचं.

भाऊजी: कसले उपकार? ही गाडी आता शेडात शिरणार कशी, ते सांग. पुढे ती जात नाही. ढकलायचं नाही, असं तूच म्हणालीस.

ताई: ते जाताना. येताना ढकला की.

भाऊजी: मी नाही ढकलणार. अपमान आहे तिचा. चाक होईपर्यंत ती इथे बाहेर, ताडपत्रीखाली राहील. शेड माझंच आहे, पण रिकामं आहे. रिकाम्या शेडात कोणी टेबल ठेवलं तर मी काय त्याच्यावर झोपणार आहे?

ताई: आणि चाक झाल्यावर?

भाऊजी: तेव्हा सरळ जाईल का, ते कोणी सांगितलंय? याच्या हातचं चाक आहे ते.

छोट्या: माझ्या तोंडावर बोलताय.

ताई: एक भिंत माझी. जड सामान, साखळ्या, तो जुना गिअरबॉक्स, सगळं पलीकडच्या भिंतीला. आणि खेळ चालू असताना काडी लावायची नाही.

भाऊजी: कबूल.

छोट्या: आणि खेळायचं कोणी हिच्याबरोबर? मलाच ना? भाऊजी, ही मला पंधरा वर्षं हरवत होती. मला परत त्यात टाकताय तुम्ही!

ताई: सरावानं येईल तुला. टेम्पोवाल्याला दार दाखव जा. टेबल उभं करून न्या, आडवं दारातून जाणार नाही. आणि येताना क्लीनर घेऊन ये.

छोट्या: क्लीनर कशाला आता?

ताई: परत पेटवायला. फाटक उघड. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येऊ. रविवार आहे, चिटपाखरू नाही रस्त्यावर.

छोट्या: वायर पोचणार नाही इथवर!

ताई: स्वयंपाकघराच्या खिडकीतून टाक.

भाऊजी: अगं, जाऊ कसेबसे. येऊ कसे? ती पुढे येत नाही.

ताई: टोकाला जागा मोठी आहे. उतरून स्टँडवर घेऊ, पेटतीच वळवू आणि परत उलटेच येऊ. लोक हसतील म्हणताय? तुम्हाला एवढं कोण ओळखतंय? मागून तर तुम्ही दिसणारच नाही. मी दिसेन.

छोट्या: घातली वायर! पोचली! ताई, शेजारच्या बाई गच्चीत आल्यात बघायला.

ताई: हात कर त्यांना.

छोट्या: कुठला?

ताई: कुठलाही कर.

भाऊजी: बसलीस नीट? पूर्वी मागे बसायचीस तेव्हा सारखी विचारायचीस, पुढे काय दिसतंय, पुढे काय दिसतंय.

ताई: आणि तुम्ही कधी सांगायचा नाहीत. एवढी मोठी पाठ समोर. सगळा प्रवास मी तुमच्या शर्टाची शिवण बघत केला.

भाऊजी: मग आज तू सांग. काय दिसतंय?

ताई: रस्ता मोकळा आहे. छोट्या, लाव काडी! आणि तुम्ही सोडा ब्रेक.